मंगळवारचं व्याख्यान

१

मंगळवारी सकाळी आमच्या घरात वरात निघायची. पुढे मी, एका हातात चहाचा थर्मास, खांद्यावर पांघरूण. मागे जिन्याला बसवलेल्या खुर्चीतून घरघरत खाली उतरणारा कुमार, माझा नवरा, मांडीवर ऑक्सिजनची नळी गुंडाळून, संस्थानिकाच्या थाटात. ती खुर्ची आमच्या मुलानं, देवांगनं, थँक्सगिव्हिंगला प्लेनोहून आला तेव्हा बसवून घेतली होती. खाली बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही आणि त्याच्यासमोर रिक्लायनर. कुमारला त्यात बसवायचं, मशीन लावायचं, चहा ओतायचा, आणि सव्वानऊला व्याख्यान सुरू झालं की मी वर यायचं. तो दीड तास माझा. त्यात मी आमटी टाकायची, त्याच्या औषधांचा डबा भरायची, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूनही घ्यायची.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी अशीच वर आले आणि माझा मोजा ओला झाला. गॅरेजमधून घरात शिरताना जी बुटांची खोली असते ना, तिच्या फरशीवर पाणी होतं. बर्फ वितळून होतं तसं, मळकट. शेजारी शेजारी दोन डबकी, प्रत्येक एका बुटाएवढं.

कोणीतरी बूट न काढता घरात आलं होतं.

ईडन प्रेरीत आयुष्य गेलं माझं, पण बूट घालून घरात शिरणारा माणूस मला अजून सहन होत नाही, मग तो प्लंबर असो की पाहुणा. "हॅलो? हू इज इट?" मी जरा दरडावूनच विचारलं. कोणी नव्हतं. गॅरेजचं दार बंद, पुढचं दार बंद, ड्राइव्हवेवर रात्री पडलेला बर्फ जसाच्या तसा, त्यावर पाऊल नाही. मग म्हटलं, पद्मजाबाई, तुमचेच बूट असणार, म्हातारपणी असं होतं. फडकं आणून पुसलं. माझे बूट रॅकवर कोरडे ठणठणीत होते, पण तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

२

मी भूलतज्ज्ञ. म्हणजे होते, रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. कुमार इंजिनिअर. आयुष्यभर त्यानं लोकांच्या हृदयाला लावायच्या पेसमेकरच्या बॅटऱ्यांवर काम केलं, आणि शेवटी त्याचंच हृदय असं दमलं की बॅटरीनं काही होण्यासारखं उरलं नाही. नोव्हेंबरात डॉक्टरांनी हात टेकले, घरीच हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांची शुश्रूषा, सुरू झालं. नर्स आठवड्यातून दोनदा यायची, गोड बोलायची. मला त्या गोड बोलण्याचा अर्थ चांगला कळतो, मी स्वतः तसं पुष्कळ बोलले आहे.

कुमारला खरं तर इतिहास शिकायचा होता. नागपुरात त्याच्या वडिलांपुढे हा विषय काढायचीसुद्धा सोय नव्हती. गणितात बरे मार्क पडले, झाला इंजिनिअर. कधी कुरकुरला नाही बिचारा, पण कुठल्याही गावी गेलो की हा माणूस मॉलऐवजी म्युझियममध्ये. आणि आता, जिना चढायची ताकद नसताना, त्यानं युरोपातल्या एका जुन्या विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत नाव घातलं. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. भली माणसं आहेत ती, त्यांना कशाला त्रास. सहाशे वर्षांचं विद्यापीठ, आणि व्याख्यानमाला त्याच्या स्वतःच्याच इतिहासावर. जुन्या सभागृहात शिकवतात आणि जगभरच्या श्रोत्यांना थेट दाखवतात, तेही इंग्रजीत.

"दुधाची तहान ताकावर," मी म्हटलं.

"ताक तब्येतीला चांगलं, डॉक्टर," तो म्हणाला. आमचं लव्ह मॅरेज, त्यामुळे अहोजाहो कधी नव्हतंच, टोमणे मात्र पहिल्या दिवसापासून.

पहिल्या दिवशी नाव दाखल करायचा विधी झाला. झगा घातलेले कुलगुरू पडद्यावर आले, म्हणाले, जगात कुठेही असा, उजवा हात वर करा आणि माझ्यामागून म्हणा. सहाशे वर्षांपूर्वी विद्यार्थी जी शपथ घ्यायचे तीच, लॅटिनमध्ये. कुमारनं वर कोट-टाय चढवला होता, खाली फ्लॅनेलचा पायजमा. हात वर करून तो एकेक शब्द म्हणत गेला. मी हसत होते. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. सत्तरी उलटलेला माणूस, डोळे भरून आले होते त्याचे.

मागच्या बाजूला कोणीतरी खोकलं.

आमच्या बेसमेंटचा अर्धा भाग गालिचा वगैरे घालून नीट केलेला. मागचा अर्धा तसाच सोडलेला: फर्नेस, मराठी मंडळाच्या घडीच्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचे खोके. दिवा लावल्याशिवाय तिकडे काही दिसत नाही. खोकला तिथून आला. टीव्हीच्या स्पीकरचा घोळ असणार, सराउंड साउंड नावाचं एक खूळ देवांगनं बसवून ठेवलंय, असं मी म्हटलं. आणि टीव्हीचा आवाज बंद केला, खात्री करायला.

बाकं करकरली. कोणीतरी पाय बदलले, कोणी नाक ओढलं. पुष्कळ माणसं एका जागी गप्प बसली की जो एक आवाज असतो, तो होता.

"म्यूट का केलंस?" कुमार म्हणाला. "ऐकू दे ना यार."

३

बुटांच्या खोलीतलं पाणी पुसलं त्याच्या पुढच्या मंगळवारी डबकी स्वयंपाकघराच्या दारात होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी बेसमेंटच्या जिन्याच्या वर, तोंडाशी. इतर दिवशी सगळं कोरडं. मी छपरावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाला बोलावलं. तो अर्धा तास वर फिरला, माळ्यावर टॉर्च मारला, म्हणाला, मॅडम, छप्पर एकदम ड्राय आहे. त्याला जिन्याचं तोंड दाखवलं. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "कोणीतरी उभं होतं इथे. बराच वेळ." मी त्याला दाराबाहेर काढला आणि चहाला आधण ठेवलं.

तेव्हापासून मी मंगळवारी वर थांबेना. कुमारशेजारी बसू लागले, मांडीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घेऊन. त्याला वाटलं, बायकोला गोडी लागली.

शिकवायला एक प्रोफेसर बाई होत्या, पांढरे केस, राखाडी स्वेटर, फार साध्या. त्या दिवशी त्या प्लेगबद्दल सांगत होत्या. प्लेग आला की विद्यापीठ गाव सोडायचं. पण बंद नाही व्हायचं. बाकं गाड्यांवर घालायची, शिक्का घ्यायचा, घंटा उतरवायची आणि निघायचं. कधी एखाद्या मठात, कधी गिरणीत, एका हिवाळ्यात तर दारू गाळायच्या तळघरात वर्ग भरले. बाई म्हणाल्या, तिथे मेलेले विद्यार्थीही पटावरून काढले नाहीत, कारण पट नेणारा कारकूनच वाटेत वारला. त्या हसल्या. मागच्या अंधारातही हसू फुटलं, दबकं, खूप जणांचं.

मी मान वळवली नाही. सवयीनं कुमारच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. नुसत्या रेघा. बॅटरी गेली असेल. माझ्या बोटाला लावला, व्यवस्थित चालला. पुन्हा त्याच्या. रेघा.

मग मी मनगट धरलं. चाळीस वर्षं मी हेच केलं आहे. झोपेतसुद्धा मला नाडी सापडते. नाही सापडली. गळ्याला बोटं लावली. नाही. छातीवर तळवा ठेवला. छाती हलत नव्हती. वर नाही, खाली नाही.

मी ओरडणार एवढ्यात कुमारनं माझ्याकडे मान वळवली. डोळे लख्ख. गालावर रंग. इतका बरा तो वर्षभरात दिसला नव्हता.

"श्श," तो म्हणाला. "नंतर."

मी तशीच बसून राहिले, हात त्याच्या छातीवर. बाई बोलत होत्या. शेवटी त्यांनी काही प्रश्न आहेत का म्हणून विचारलं, कोणाचे नव्हते, पडदा काळा झाला. आणि माझ्या तळव्याखाली ते हृदय पुन्हा सुरू झालं. अडखळत, दमत, नेहमीसारखं. कुमार खुर्चीत खचला, ओठ निळे, धापा टाकत.

वर आणून त्याला झोपवलं आणि बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून बसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मोठ्यानं म्हणाले. थंड बोटं, म्हातारी बोटं, चुकली असतील. आरशात मला माझं तोंड दिसत होतं. ते तोंड म्हणत होतं, कप्पाळ चुकली.

४

"तुला कळलंय ना?" संध्याकाळी मी विचारलं. मी त्याला मऊ भात भरवत होते.

"काय?"

"मूर्ख बनवू नकोस मला. खाली तू श्वास घेत नाहीस."

त्यानं घास गिळला. "खाली मला दम लागत नाही, पद्मा," तो म्हणाला. "एवढंच कळतं. काही दुखत नाही. आणि इतकं छान वाटतं गं. सगळे ऐकत असतात."

"सगळे कोण?"

त्यानं मला शिपायाची गोष्ट सांगितली. मी वर आमटी टाकत असे तेव्हाच्या एका व्याख्यानातली. जुन्या काळी विद्यापीठाच्या माणसाला गावाचा कायदा लागू नसे. गावाचा शिपाई कोणाला पकडायला आला आणि आत व्याख्यान चालू असलं, तर त्याला आत यायची बंदी. टोपी हातात घेऊन दाराशी उभं राहायचं, किती का वेळ लागेना.

"आणि व्याख्यान संपायचं कधी?"

"घड्याळावर नाही. गुरुजी विचारायचे, कोणाला काही शंका? एकाची जरी शंका बाकी असली तरी व्याख्यान चालू. कोणाचीच उरली नाही की संपलं." तो भात गिळायला थांबला. "मग शिपाई आत येणार. त्याचा तरी काय दोष, यार. थंडीत ताटकळत असतो बिचारा."

माझ्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. डबकी मी पुसत होते. कुमारला त्यांच्याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.

"पुढच्या मंगळवारी शेवटचं व्याख्यान," तो म्हणाला. "टर्म संपते. पद्मा, देवांग कधी येतोय? मला त्याला एकदा बघायचंय. फोनवर नाही. असा, समोर."

मी लगेच फोन लावला.

"आई, हा नाही, पुढच्या वीकेंडला येतो ना, आय प्रॉमिस," देवांग म्हणाला. "फेसटाइमवर तर बाबा फाइन वाटले."

"तेव्हा नाही. मंगळवारच्या आत ये."

"मंगळवारी काय आहे?"

"तुझे बाबा वाट बघतायत," मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला. माझा आवाज फुटलेला त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

"ओके, ओके. आय ॲम कमिंग, आई."

५

सोमवारी रात्रीचं त्याचं विमान बर्फानं कॅन्सल झालं. मंगळवारी पहाटेचं मिळालं. नर्स सोमवारी येऊन गेली होती, जाताना तिनं मला मिठी मारली, आणि ती मिठी नेहमीपेक्षा लांबली. रात्रभर मी कुमारचे श्वास मोजत बसले. मधे मधे ते थांबायचे, पुन्हा लागायचे. ही शेवटची पायरी, मी शेकडो वेळा पाहिली आहे. सकाळपर्यंत टिकला, पण दुपार बघणार नाही, हे माझं शिक्षण मला सांगत होतं.

आणि माझे हात काय करत होते? ते थर्मास भरत होते.

लोक म्हणतील, असल्या अवस्थेतल्या माणसाला जिन्यावरून खाली नेलंस? नेला. पोत्यासारखा खुर्चीत बांधून नेला. डबकी आता जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होती. ओली, ताजी. तिथून कुमारचा रिक्लायनर माझ्या दोन ढांगांवर. मी कुमारला उचलून त्या पायरीवरून पलीकडे नेला तेव्हा माझ्या डाव्या गालाला गारवा लागला, कोणी बाहेरून आत्ताच आलेल्या माणसाच्या कोटाचा लागतो तसा. मी मान खाली घालून म्हटलं, "एक्सक्यूज मी." दुसरं काही सुचलंच नाही.

व्याख्यान सुरू झालं आणि कुमारनं डोळे उघडले. पाठ ताठ केली. "चहा?" म्हणाला. मी नाडी बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

देवांगचा मेसेज आला: लँडेड. रेंटल कार घेतोय. मग बराच वेळ काही नाही. मग: आई, ४९४ हायवेवर ॲक्सिडेंट, सगळं बंद, नथिंग इज मूव्हिंग. खिडकीच्या फटीतून दिसत होतं, बाहेर पांढरं धूसर, समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं.

आणि मग प्रोफेसर बाईंचा चेहरा पडद्यावर थिजला. गोल गोल फिरणारं ते चिन्ह आलं आणि टीव्ही काळा पडला. बर्फात इंटरनेट गेलं होतं. मी धावत राउटरकडे निघाले.

"कुठे चाललीस?" कुमार म्हणाला. "चालू आहे."

त्यानं रिक्लायनर फिरवला होता. त्याचं तोंड आता टीव्हीकडे नव्हतं, मागच्या अंधाराकडे होतं. आणि तिथून एक म्हातारा, संथ आवाज येत होता. बाईंचा नव्हे. भाषा मला येत नव्हती, पण शिकवणाऱ्या माणसाचा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

६

पाहिलं ते एवढंच सांगते.

फर्नेस नव्हता. खोके नव्हते. बाकं होती, चढत चढत गेलेली, आमच्या छताच्या वर, घराच्या वर, आणि प्रत्येक बाकावर माणसं दाटीवाटीनं. जवळची दिसत होती. शाईनं काळा झालेला एक अंगठा. लोकरीची टोपी. सैनिकाचा कोट, एक बाही रिकामी. जाड चष्म्याची, बारीक केस कापलेली एक बाई. जीन्स घातलेली, केस ओले असलेली एक मुलगी. त्यांच्या मागे आणखी, आणि त्यांच्या मागे आणखी, शेवटची ओळ मला दिसली नाही. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ऐकत होते. असं ऐकणं मी कधी पाहिलं नाही, कुठल्या देवळातही नाही. भीती वाटली का? वाटली. पण त्याच्याही आधी मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

म्हाताऱ्याचा आवाज थांबला. मग त्यानं काही विचारलं, छोटंसं, आणि थांबून राहिला. भाषा कळायची गरजच नव्हती. कोणाला काही शंका?

माझ्या मागे, खालच्या पायरीवर, लाकूड करकरलं.

"मला आहे!" मी ओरडले.

सगळी बाकं माझ्याकडे वळली. माझ्या डोक्यात एकही शंका नव्हती. इतिहासातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. "मला विचारायचंय," मी इंग्रजीत म्हटलं, "की तुम्ही नेहमी पाव तास उशिरा का सुरू करता?" काय हा प्रश्न! पण आवाजानं उत्तर दिलं, सावकाश, सगळ्या आदबीनं. मग पुन्हा तोच छोटा सवाल. मी बाकं कुठल्या लाकडाची म्हणून विचारलं. घंटेचं वजन विचारलं. मग मला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांतले ते काका आठवले, वक्त्याचं झालं की उठतात, म्हणतात, मला प्रश्न नाही, थोडं बोलायचंय, आणि पाऊण तास बोलतात. सेक्रेटरी असताना मी कित्येकांच्या हातून माईक काढून घेतला होता. आता मी तेच केलं. आपलंच घोडं दामटलं. नागपूरचं मेडिकल कॉलेज, आमचे ॲनाटॉमीचे सर, इथली पहिली थंडी, देवांगचा जन्म, काय वाट्टेल ते, इंग्रजीत आणि मग मराठीतच. शब्द संपले. मी उभी राहिले तोंड उघडं टाकून, आणि काही येईना.

जाड चष्म्याची बाई पुढे वाकली. "तुम्ही कोणाची तरी वाट बघताय का?" तिनं अडखळत्या इंग्रजीत विचारलं.

"माझा मुलगा," मी म्हणाले. "रस्त्यात अडकलाय. बर्फात. त्याला यायला हवं. त्याच्या आधी... प्लीज."

ती मागे वळून मागच्या माणसाच्या कानात काही बोलली. त्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. माझं वाक्य बाकाबाकांवरून वर जाताना मला ऐकू येत होतं, दोन-चार ओळींनंतर भाषा बदलायची, पुढे आणखी वेगळी व्हायची, अशी ती कुजबूज वर वर गेली आणि खूप लांबून थांबली.

मग रिकाम्या बाहीच्या सैनिकानं हात वर केला.

त्यानं काही विचारलं, उत्तर मिळालं. शाईच्या अंगठ्यानं विचारलं. ओल्या केसांच्या मुलीनं. एकेक जण उठत होता. कोणाचा प्रश्न लांबलचक, कोणाचा इतका मूर्खपणाचा असणार की आजूबाजूचे फिदीफिदी हसले आणि गुरुजींनी उसासा टाकला, तरी उत्तर दिलंच. वरून, अंधारातून, बायकांचे, पुरुषांचे आवाज येत राहिले. सहाशे वर्षांची माणसं माझ्या मुलाची गाडी येईपर्यंत हात वर करून थांबली होती. मी कुमारचा गार हात धरून बसले आणि ढसाढसा रडले.

पायरीवरचा तो मात्र एकदाही हलला नाही.

७

गॅरेजचं दार वाजलं. "आई? बाबा?"

"खाली!" मी ओरडले. "इकडे, खाली ये!"

देवांग जिना उतरत आला, खांद्यावर बर्फ, मोजे घातलेल्या पायांनी. शेवटच्या पायरीशी तो अंग चोरून, एका बाजूनं आला, कोणाला धक्का लागू नये म्हणून येतात तसा. "सॉरी," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. मग त्याला वडील दिसले.

"आलास?" कुमार म्हणाला. आवाज खणखणीत. "रस्ता फार वाईट होता का रे?"

"बाबा." देवांग गालिच्यावर बसला आणि त्यानं कुमारच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. चाळिशी गाठलेला माझा मुलगा. "आय शुड हॅव कम सूनर."

"आलास ना." कुमार त्याच्या केसांतला बर्फ झटकत होता. बराच वेळ तो त्याला नुसता बघत होता, पोटभर. मग मान वर करून त्यानं अंधाराकडे बोट दाखवलं. "देवांग, हे माझं कॉलेज."

देवांगनं तिकडे बघितलं की नाही, मला सांगता यायचं नाही. तो वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होता. "इट्स ब्यूटिफुल, बाबा," तो म्हणाला.

वरचे आवाज एकेक करून थांबले. हात खाली आले. गुरुजींनी पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी कोणी उठलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती कोणालाच.

मला शंका होत्या की. ढीगभर होत्या. उद्या सकाळी चहा किती कपांचा टाकू? तुझ्या बाजूच्या उशीचं काय करू? तू गेल्यावर मी भांडू कोणाशी? एकेक विचारत राहिले असते तर बर्फ वितळून ट्यूलिप आले असते, आणि ही भली माणसं बसून राहिली असती, आणि तो पायरीवर उभा राहिला असता, आणि कुमार तिथेच बसला असता, ताठ, तजेलदार, श्वास न घेता. मी त्याच्याकडे बघितलं.

"पद्मा," तो म्हणाला. "दमले गं सगळे."

तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. फार मोठा होता, गिळताना दुखला.

"नाही," मी गुरुजींना म्हणाले. "माझं विचारून झालं."

पहिल्या बाकावर ठक ठक झालं. तिकडे टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. दुसऱ्या बाकावर. तिसऱ्या. ते वर चढत गेलं, ओळीमागून ओळ, शेकडो, हजारो मुठी, आमच्या घराचं सगळं लाकूड थरथरायला लागलं. ते कुमारसाठी होतं. त्यानं मान झुकवून ते घेतलं, लाजत, पहिला नंबर आलेल्या पोरासारखा, आणि रिक्लायनरमध्ये मागे टेकला.

माझ्या बाजूनं कोणीतरी पुढे गेलं. गार वारा लागला, बस. मी डोळे मिटले नाहीत, पण कुमारकडेच बघत राहिले.

देवांगनं वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला होता. मग त्यानं एक हात सोडवला, मूठ वळली, आणि कॉफी टेबलावर पेरं आपटू लागला, हळूहळू, मग जोरात, गालांवरून पाणी वाहत असताना. त्याला ही पद्धत कोणी सांगितली नव्हती. मीही त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि वाजवायला लागले.